तोड्यांवाचून

गिरधर नंदुरबारच्या आपल्या खोलीत आरशासमोर दाढी करत उभा होता. गालाला फेस, हातात वस्तरा, आणि आरशात पाहतो तो त्याच्या खांद्यामागे आई उभी. ती केव्हा आली, जिन्याच्या त्या कुरकुरणाऱ्या पायऱ्या केव्हा चढली, दार लोटून आत केव्हा शिरली, त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. वस्तरा हनुवटीला लागला. रक्ताचा बारीक ओघळ फेसात उतरला, आणि तो तसाच, मागे न वळता, आरशातल्या आईकडे बघत राहिला. आई मागून येते आणि आपल्याला कळत नाही, हे त्याच्या बत्तीस वर्षांच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. आई आधी ऐकू यायची, मग दिसायची. प्रत्येक पायात चांदीचं जाड कडं आणि त्याच्यावर वजनदार तोडा; पाऊल पडलं की तोडा कड्यावर आपटायचा, आणि घरातल्या कुत्र्यापासून गोठ्यातल्या गाईपर्यंत सगळ्यांना समजायचं की सुगंधाबाई उठली, सुगंधाबाई पाण्याला निघाली, सुगंधाबाईला राग आलाय. लहानपणी गूळ चोरायला तो त्या आवाजाच्या भरवशावरच तर जायचा. आणि आता ती नुसती उभी होती, पांढऱ्या लुगड्यात, कुणीतरी तिथं आणून ठेवल्यासारखी. खालून रस्त्यावरून मिरच्यांच्या गाड्या चालल्या होत्या; तो तिखट वास खिडकीतून आत आला आणि दोघंही एकदम शिंकली. त्या शिंकेनं काय ते घरपण आलं.

आईच्या मागून भाईदास वर आला. गिरधरचा मोठा भाऊ, तापीकाठच्या गावात शेती बघणारा, बोलायला लागला की सगळा हिशेब एका दमात मोकळा करणारा. तो खाटेच्या काठावर टेकला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, ''माय पडस. उभी उभी पडस. तू मुंबईले जाई उना ना, आते देख काय शे ते. नही जमनं ते सांगी दे. ओसरीवर खाट टाकी देसूत.''

''काय व्हयनं नही रे भाऊ,'' आई म्हणाली. हे 'भाऊ' गिरधरला होतं. ''पायले भुई सापडत नही, इतलंच.''

खाट हा शब्द भाईदासनं मायेनंच उच्चारला होता, पण गिरधरनं वस्तरा खाली ठेवला. गावात खाट कशी टाकतात ते त्यानं पाहिलं होतं. कौसाबाई, त्याची चुलती, अशीच एकदा उंबऱ्यात पडली होती. काही मोडलं नव्हतं. पण घरच्यांनी धसका घेतला, ओसरीवर खाट टाकली, पाण्याचा लोटा उशाशी ठेवला, आणि म्हणाले, आता तू नुसती बस, खूप केलंस. बाई बसली. आधी मांड्या गेल्या, मग कंबर गेली, मग बोलणं गेलं; पुढच्या कपाशीला बोंडं धरण्याआधी बाईही गेली. सगळे म्हणाले, सुखात गेली. तेव्हा गिरधर शाळेत होता आणि त्यालाही ते सुखच वाटलं होतं. पुढे मुंबईला जाऊन तो व्यायामोपचार शिकला, नंदुरबारला एका धर्मादाय दवाखान्यात लागला, पोलिओनं लुळ्या पडलेल्या पोरांचे पाय हातात घेऊ लागला, तेव्हा कुठे त्याला कळलं की चुलतीला मारलं ते त्या खाटेनं. आणि आता तीच खाट आईसाठी निघाली होती. तो म्हणाला, ''खाटबिट काही नको. मी बघतो.'' घाईत तो शाळेतली मराठी बोलून गेला. भाईदासला ते दवाखान्याचं बोलणं वाटलं असावं, कारण त्यानं लगेच मान डोलावली.

दिवाळीनंतर गिरधर मुंबईहून उजळणीचा वर्ग करून परतला होता. वर्षानुवर्षं काम केलेल्या लोकांना पुन्हा बाकावर बसवून नवं शिकवायचं, अशी ती व्यवस्था होती. जाताना तो जरा फुशारक्या मारतच गेला होता, की आम्हाला आता काय शिकवणार. शिकवणारी मिस्त्रीबाई, उंच, कृश, पांढऱ्या केसांची. तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना हात पाठीमागे बांधायला लावले. पेशंट दारातून चालत येतो तेव्हा अर्धं निदान तिथंच झालेलं असतं, ती म्हणाली, पण तुम्ही त्या वेळी टॉवेल शोधत असता. आधी बघा, मग ऐका, हात सगळ्यात शेवटी. दुखतं तिथंच दुखणं असतं असं समजू नका. गुडघा रडतो तेव्हा खुबा गप्प बसलेला असतो. गिरधरला ते सगळं फार आवडलं. रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर दूरचे समुद्राचे दिवे बघत तो मनातल्या मनात नंदुरबारच्या सगळ्या पेशंटांना पुन्हा दारातून आत चालत यायला लावायचा. मिरची वाळवायच्या पथारीवर दिवसभर उकिडव्या बसून देठ खुडणाऱ्या बाया, बैलानं लाथ मारलेला वाहरू नावाचा गडी, ट्रकवरून पोती उतरवणारे हमाल, सगळे एकामागून एक यायचे, आणि प्रत्येकाचं दुखणं त्याला आता भलत्याच ठिकाणी दिसायचं. पण आई त्या रांगेत कधी आली नव्हती. आई आजारी असू शकते हेच त्याच्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. वडील आजारी पडले, श्रावणात तापानं गेलेही, पण आई म्हणजे आवाज करत चालणारी एक गोष्ट होती, आणि ती तशीच चालत राहणार होती.

त्यानं आईला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं, त्याच्या त्या लांबट खोलीत, जिथं भिंतीला लाकडी शिडी होती, छताला कप्पी होती, आणि खुंट्यांवर खाकी कापडाच्या वाळूच्या पिशव्या टांगलेल्या होत्या. मांडीत जोर नसला की पेशंटला टेबलाच्या कडेला बसवायचं, घोट्याला पिशवी बांधायची आणि पाय सरळ करायला लावायचा, यासाठी त्या होत्या. आईनं त्यांच्याकडे बघून विचारलं, ''ह्यामा काय, बियाणं शे का?'' तो हसला. मग शिकून आला होता ते सगळं त्यानं तिच्यावर चालवलं. तिला एका पायावर उभं केलं, कंबर कलते का बघितली, नाही कलली. डोळे मिटून उभं केलं; झोकांडी गेली नाही. पायाचा अंगठा धरून वर केला, खाली केला, आणि विचारलं, सांग आता कुठं आहे. तिनं डोळे मिटूनच सगळं बरोबर सांगितलं, आणि वर म्हणाली, ''मन्हा अंगठा मालेच नही समजी का?'' गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला. मांडीचा जोर बघायला त्यानं आपल्या तळहातानं तिची नडगी दाबून धरली, तर त्या बाईनं त्यालाच मागे सारलं. आयुष्यभर चांदी ओढलेल्या मांड्या त्या. तरी नियमाप्रमाणे त्यानं तिला टेबलावर बसवून दोन्ही घोट्यांना पिशव्या बांधल्या, पाय वरखाली करायला लावले. आई काही वेळ आपल्या पायांकडे बघत बसली आणि हळूच म्हणाली, ''हाई बरं लागस.'' पोराचं मन राखायला म्हणाली असेल, असं त्याला वाटलं. मांड्यांत मुबलक जोर आहे, हिला वजनाची गरज नाही, असं म्हणून त्यानं पिशव्या सोडून पुन्हा खुंटीला लावल्या. शिकलेला माणूस कसा चुकतो म्हणाल, तर असा, अगदी नियमाला धरून.

आई खोलीच्या पलीकडे चालत गेली आणि परत येताना पडली. उजवा पाय उचलला गेला तो गरजेपेक्षा वर, हवेत क्षणभर तसाच राहिला, आणि मग जमीन जिथं आहे असं त्या पायाला वाटलं तिथं ती नव्हती. गिरधरनं तिला सावरलं. तिचं वजन हातावर आलं तेव्हा त्याला लहानपणचं घर आठवलं, आणि त्या घरात पायरी आहे समजून अंधारात टाकलेलं पाऊल. आई शरमेनं लालबुंद झाली होती. शेजारच्या बाकावर पोराला घेऊन बसलेली कमलबाई म्हणाली, ''नवरा गया ना तिना. आसंच व्हस.'' सगळ्यांचं तसंच म्हणणं होतं. दुःखानं पाय जातात, हे निदान करायला मुंबईला जावं लागत नाही. पण दुःख नेमकं कुठल्या सांध्यात असतं, हे त्याला मिस्त्रीबाईनं शिकवलं नव्हतं.

त्या दिवसांत त्याला झोपेतही पावलं दिसायची. सकाळी स्टेशनाकडून येणाऱ्या माणसांची, पथारीवर पसरलेल्या लाल मिरच्यांच्या कडेकडेनं पाय जपून टाकणाऱ्या बायांची. तो खिडकीत उभा राहून बघायचा आणि बघता बघता मनानं कुठेतरी निघून जायचा. वडिलांच्या दहाव्याच्या दिवशी जायचा. ओसरीवर पाट मांडला होता, आणि सुकलाल सोनार कानस आणि पक्कड घेऊन खाली बसला होता. लग्नाच्या वर्षी घातलेली कडी, मधल्या काळात कधी निघाली नव्हती. पायांनी आणि चांदीनं एकमेकांचा आकार घेतला होता. आईचा पाय धरायचं काम गिरधरकडे आलं. त्याला सवय होती, लोकांचे पाय धरायची. सोनार पक्कड फाकवत होता, चांदी करकरत होती, आणि गिरधरच्या तळहातात आईची पोटरी ताठ झाली होती. तिला दुखत होतं की नव्हतं, ती बोलली नाही. कडं निघालं तेव्हा खाली कातडीचा एक पट्टा दिसला, लहान पोरीच्या अंगासारखा गोरा आणि मऊ. ऊन त्याला पहिल्यांदाच लागत होतं. बायका रडायला लागल्या. आई मात्र त्या पट्ट्याकडे बघत होती, ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तशी. मग ती उठली, आणि उठताना तिचा पाय जरा जास्तच वर आला. गिरधरनं ते पाहिलं होतं. आता खिडकीत उभा राहिल्यावर त्याला स्पष्ट आठवत होतं की आपण ते पाहिलं होतं, पण पाहून काय करायचं ते तेव्हा सुचलं नव्हतं.

आणि त्याच्याही मागे, फार मागे, तो वावरात जायचा. गावाची पांढरी, म्हणजे वस्तीची माती, संपली की नाला, आणि नाल्यापलीकडे वावरांची काळी. वडील, लोटन पाटील, औत धरून असायचे. कमी बोलणारा माणूस. दुपार झाली की बैलांना थांबवून ते कान द्यायचे. नाल्याच्या उताराला आईच्या तोड्यांचा आवाज यायचा. ती अजून दिसतही नसायची, डोक्यावरच्या भाकरीच्या टोपलीचं टोकसुद्धा दिसायचं नाही, आणि वडील जू उतरवायला लागलेले असायचे. बांधाला ती पोचेपर्यंत बैल सावलीत, वडील हातपाय धुऊन बसलेले. एकदा गिरधरनं विचारलं होतं, दुसऱ्या कुणाचे तोडे असले तर? वडील म्हणाले, ''दुसरानं चालनं येगळं ऱ्हास.'' एवढंच. संध्याकाळी आई उंबऱ्यात बसून बाभळीच्या काट्यानं तोड्यांच्या नक्षीतली काळी माती कोरून काढायची, कारण काळी घरात आणू नये, असं ती म्हणायची. त्या मातीची छोटी छोटी ढेकळं उंबऱ्याशी पडलेली असायची आणि कोंबड्या ती किडे समजून टोचायच्या.

आईचं मन नंदुरबारला लागेना. सांगितलेले व्यायाम ती पाहुण्याच्या घरचं जेवण जेवावं तसे निमूट करायची, आणि पडायची. शेवटी गिरधरनं रजा टाकली आणि तिला गावी घेऊन निघाला. एसटीत ती खिडकीशी बसली होती. नदी दिसली तेव्हा तिनं हात जोडले. फाट्यावर उतरून गावापर्यंत गाडीबैल मिळाला, आणि गाडीत बसल्या बसल्या गिरधर स्वतःशी हार कबूल करत होता. भाईदासला सांगावं लागणार होतं की मला सापडलं नाही. मग खाट येणार होती. ती बहुधा आलीच असेल, भाईदास कामाला उशीर करणारा नव्हे. घर आलं. आईला हात देऊन त्यानं खाली उतरवलं, आणि तेवढ्यात आतून तोडे वाजले.

तो गाडीच्या चाकाशीच थांबला. आई त्याच्याजवळ, हात धरून उभी; आणि आईचा आवाज घरातून बाहेर येत होता. तोच, तोच तोडा त्याच कड्यावर आदळत होता. आईनंही मान वर केली होती. दारात जसोदावहिनी आली, भाईदासची बायको, हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा, ओवाळून टाकायला. सासूचे तोडे थोरल्या सुनेच्या पायात जायचे, ही रीतच होती. त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. पण आवाज ओळखीचा असून त्याची लय परकी होती. खण्ण, मग लांबलेली शांतता, मग दोन आवाज एकात एक अडकलेले. गिरधरनं हात पाठीमागे बांधले. त्याला ते कळलंही नाही. तो नुसता बघत राहिला. वहिनीचा पाय उचलला जात होता आणि अर्ध्यातच खाली ओढला जात होता. पाऊल फाकलेलं, टाच घासत जाणारी. अंगणातल्या बारक्या खड्याला अडखळून तिच्या तांब्यातलं पाणी सांडलं. ''जड लागतस, भाऊ,'' ती ओशाळून म्हणाली. ''पाय भरी येतस. पण मायना शेतस, कसा काढू?'' आणि तिच्या शेजारून आई उंबऱ्याकडे निघाली. तिचा पाय उचलला गेला, गरजेपेक्षा वर, आणि हवेत शोधत राहिला. दोघी जणी एका अंगणात चालत होत्या. एकीचा पाय उचलायला कमी पडत होता, दुसरीचा जास्त उचलला जात होता, आणि कमी-जास्त तेवढंच होतं. तेवढ्याच चांदीचं.

तो ओसरीच्या कडेला बसला. ओसरीवर खाट टाकलेली होतीच, नव्या सुंभानं विणलेली. आईचं दुखणं गुडघ्यात नव्हतं, खुब्यात नव्हतं, मणक्यात नव्हतं. ते तिच्या अंगातच नव्हतं. ते वहिनीच्या पायात होतं. आईच्या मांड्या अजून रोज ती चांदी उचलत होत्या. कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. डोळ्यांना सांगितलं, कपाळाला सांगितलं, हातातल्या बांगड्यांना सांगितलं, पण पायांना लोटन पाटील गेल्याचं अजून ठाऊक नव्हतं. गिरधरला रडू आलं. वडील गेले तेव्हा आलं नव्हतं ते सगळं आलं, आणि वहिनीला वाटलं भाऊला ऊन लागलं. तिनं उरलेलं पाणी त्याला प्यायला दिलं.

दुपारी तो नदीवर गेला. पाणी पार मध्यावर आटलेलं, आणि दोन्ही अंगांना वाळूच वाळू, पिवळट, चमचमणारी. टॉवेलात वाळू बांधून आणली. मांजरपाटाचं कापड घेतलं, दाभण घेतलं, आणि वहिनीला तोडे क्षणभर काढता येतात का विचारलं. सुकलालनं या वेळी तिच्यासाठी मळसूत्र बसवून दिलं होतं, म्हणून ते निघाले. एका हातात तोडा आणि कडं, एका हातात पिशवी, असं तोलून तोलून त्यानं वाळू भरली. तोंडाला नाडी ओवली, कारण ती पुन्हा पुन्हा उघडावी लागणार होती. भाईदास शेतातून आला तो दारातच थांबला. ''बिनधनीनी बाईना पायमा काय बांधी ऱ्हायना?''

''औषध शे,'' गिरधर म्हणाला.

''लोक काय म्हणतीन?''

''लोकेस्ले लुगडाखाल दिसत नही.''

भाईदासनं खाटेकडे बघून घेतलं. आई मात्र वेगळ्याच विचारात होती. तिनं एक पिशवी हातात घेतली, हलवली, कानाशी नेली. ''ह्या वाजतीन का?'' तिनं विचारलं. नाही वाजणार, तो म्हणाला. तिला बरं वाटलं की वाईट, ते त्याला कळलं नाही. त्यानं खाली बसून तिचा पाय मांडीवर घेतला. तो गोरा पट्टा आता उन्हानं रापून बाकीच्या पायासारखा होत आला होता. त्यावर पिशवी बसवून त्यानं पट्टी बांधली. दुसरीही बांधली. आई उठली. अंगण ओलांडून तुळशीपर्यंत गेली, वळली, आली. पुन्हा गेली. कुठे अडखळली नाही, कुठे थांबली नाही, पाऊल टाकायचं तिथं बरोबर खाली येत होतं. नुसतं मुकं. वहिनीनं तोंडावर पदर घेतला. आई तुळशीपाशी उभी राहून म्हणाली, ''सापडनी रे भाऊ. भुई सापडनी.''

पुढचं सगळं सोपं होतं, म्हणजे गिरधरला तसं वाटलं. वजन एकदम काढलं ही चूक झाली होती. ते हळूहळू काढायचं. दर रविवारी तो गावी यायचा, नाडी सोडायचा, मूठभर वाळू अंगणात टाकायचा, पुन्हा बांधायचा. पाय शिकत जातील. शेवटी पिशवी रिकामी होईल आणि आई मोकळी चालेल. येताना एसटीत बसल्या बसल्या तो मनातल्या मनात पुढच्या उजळणीच्या वर्गात उभा राहून ही केस सांगायचा. मिस्त्रीबाई चष्मा काढून ऐकायची, मागच्या बाकावरची पोरं टिपून घ्यायची. आई मात्र दर खेपेला ती मूठ बघायची. पहिल्यांदा त्यानं वाळू टाकली तेव्हा ती म्हणाली, ''थोडी ऱ्हाऊ दे.'' दुसऱ्या खेपेपासून ती सांडलेली वाळू पायानं सारखी करायची. आणि चालायची छान. घरात, अंगणात, गोठ्यात. वहिनीही हळूहळू तोड्यांना सरावत होती, तिच्या आवाजाची एक नवीच लय घरात बसत चालली होती, आणि कुत्रं आता त्याच आवाजाला शेपूट हलवत होतं. खाट अंगणात एका बाजूला सारून ठेवली होती. तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या.

असा हिवाळा सरत आला. त्या रविवारी गिरधर लवकर पोचला. वहिनी चुलीशी होती. ''माय मांगनी खोलीमा शे,'' ती म्हणाली. ''दुपारले झोपस रोज.'' तो मागच्या खोलीत गेला. तिथं कुणी नव्हतं. घोंगडी घडी घालून ठेवलेली, मागचं दार नुसतं लोटलेलं. त्यानं गोठा बघितला, विहीर बघितली. विहिरीवर तो दोनदा वाकला. वहिनीला हाक मारायला तो वळला, आणि आई त्याच्या मागे उभी होती. त्या दिवशी आरशात उभी होती तशीच, अचानक, बिनआवाजाची. तो या वेळीही दचकला.

''कथी गयथी?'' त्यानं विचारलं.

''आठेच,'' गोठ्याकडे मोघम हात करत ती म्हणाली, आणि उंबऱ्यात बसून तिनं पाय पुढे केले, कारण रविवार होता. त्यानं नाडी सोडली. पिशवी हातात घेतल्यावर त्याला ती जड लागली. इतक्या मुठी काढल्यावर तिच्यात जेमतेम तळाशी वाळू उरायला हवी होती. त्यानं हात आत घातला आणि मूठ बाहेर काढली. मुठीत काळी माती होती. ओलसर, चिकण, बोटांच्या रेषांत शिरणारी काळी. पांढरीत कुठेही नसते ती. नाला ओलांडल्याशिवाय मिळत नाही ती. नाल्याचा तो उतार, तो चढ, बांधापर्यंतची ती सगळी ढेकळांची वाट त्याच्या डोळ्यांपुढे आली. 

''माय, तू वावरमा जास?''

आईनं स्वयंपाकघराकडे बघितलं. आतून वहिनीचे तोडे वाजत होते. ''आते आवाज नही ना,'' ती हलक्या आवाजात म्हणाली. ''कोणले समजत नही.'' मग त्या मुठीकडे बघत, ''तू काढस, मी भरस. हलकं व्हयनं ते वाट चुकस मन्ही.''

गिरधरनं मूठ तशीच धरून ठेवली. आई सांगत राहिली. ''पहिले दिन बांधवर जाई उभी ऱ्हायनू. देखत ऱ्हायनू. मंग याद उनी, आते वाजतस कोठे? त्यास्ले कसं समजी मी उनू ते?''

कोंबड्या उंबऱ्याशी आल्या होत्या. त्याच्या बोटांतून निसटलेली एक दोन ढेकळं त्यांनी टोचली आणि सोडून दिली. गिरधरनं मूठ पिशवीत उपडी केली, हाताला लागलेली मातीही आत झटकली. दुसऱ्या पिशवीचं तोंड त्यानं उघडलंच नाही. ''दाभण दे व, वहिनी,'' त्यानं आत हाक मारली. वहिनी तोडे वाजवत आली आणि दाभण देऊन गेली. त्यानं आईचा पाय मांडीवर घेतला, नाडी ओढून काढून टाकली, आणि दोन्ही पिशव्यांची तोंडं, एकेक टाका घट्ट ओढत, कायमची शिवून टाकली.